‘पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल’ म्हणजे नेमकं काय?

सोलापूर जिल्ह्यातून एका ताईंनी विचारलंय. वडील ६२ वर्षांचे, मधुमेह १५ वर्षांपासून, गोळ्या चालू. मोतीबिंदू बघायला नेलं तर डॉक्टर म्हणाले, ‘मोतीबिंदू किरकोळ आहे, खरा त्रास पडद्याला आहे. सूज आहे, रक्ताचे ठिपके आहेत. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, निदान तीन.’ वडील हबकलेत. म्हणतात, डोळा दुखत नाही, लाल नाही, मग सुई कशाला? शेजारच्यांनी कसले तरी थेंब सुचवलेत, ते महिनाभर टाकून बघू. तर इंजेक्शन घ्यावं का, आणि पडद्याचे आजार असतात तरी कोणते, ते ओळखायचे कसे?

आधी सरळ उत्तर देतो. ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, सूज दिसली असेल आणि नजर त्या सुजेमुळेच कमी झाली असेल, तर इंजेक्शन घ्या. थेंब टाकून बघण्यात महिना घालवू नका. मधुमेहातली पडद्याची सूज थेंबांनी उतरत नाही. गुलाबपाणी, मध, तूप, जाहिरातीतल्या बाटल्या, सगळं डोळ्याच्या दारातच राहतं. पडदा माजघराच्याही मागं आहे. मी २२ वर्षं फक्त पडद्याचंच काम करतोय, त्यामुळे पुढचं उत्तर जरा लांबेल.

आपल्याकडे ‘पडदा’ या एका शब्दानं फार घोळ घातलाय. मोतीबिंदू पिकला की म्हणायचं डोळ्यावर पडदा आला. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढलं तरी पडदा, बुबुळावर फूल पडलं तरी पडदाच. हे सगळं डोळ्याच्या पुढच्या बाजूचं. आम्ही ज्याला पडदा म्हणतो तो रेटिना, म्हणजे दृष्टिपटल: डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लावलेलं अस्तर. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. पूर्वी आम्ही पेशंटला ‘कॅमेऱ्यातली फिल्म’ म्हणून समजवायचो. आता फिल्म बघितलेली माणसं कमी होत चालली, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणतो. मोतीबिंदू म्हणजे भिंग धुरकट होणं. भिंग काढून दुसरं बसवता येतं. पडदा काढून दुसरा बसवता येत नाही, जगात कुठंच नाही. ‘डोळा बदलून टाका की डॉक्टर’ असं म्हणणारे आठवड्याला एक तरी भेटतात. नेत्रदानातून मिळतं ते पुढचं पारदर्शक बुबुळ, पडदा नाही.

या पडद्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटरचा भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, नोटेवरचा आकडा बघणं, सगळं याच्या जिवावर. बाकीचा पडदा कडेचं आणि अंधारातलं बघतो. त्यामुळे लक्षणांवरूनच अर्धा अंदाज येतो. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात पण नाक-डोळे पुसल्यासारखे वाटतात, खांब वाकडा दिसतो, तर बिघाड मधल्या भागात. समोरचं स्वच्छ दिसतं पण चालताना उंबऱ्याला ठेच लागते, बाजूनं येणारी गाडी कळत नाही, तर बिघाड कडेला.

तुमचे वडील म्हणतात दुखत नाही. पडद्याला दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. तो भाजला, फाटला, रक्तानं भरला तरी हूं की चूं करत नाही. त्यात डोळे दोन. एक गेला तर दुसरा गुपचूप काम निभावून नेतो. माझ्याकडे एक शिंपीकाका आले होते, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. सहायकानं डावा डोळा झाकला आणि काकांना तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, हातभर मोठं अक्षर दिसेना. काका झाकलेला हात बाजूला करून बघायला लागले, परत झाकून बघितलं, मग मलाच विचारलं, ‘अहो, हा कधी गेला?’ त्या डोळ्याच्या आत जुनं रक्त साचून घट्ट झालं होतं, म्हणजे काही महिने तरी झाले असणार. तेवढे महिने काका एका डोळ्यावर ब्लाउजच्या बाह्या जोडत होते.

म्हणून ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचं वय साठीच्या पुढं आहे किंवा ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, त्यांना मी एकच काम सांगतो. महिन्यातून एकदा, जवळचा चष्मा लावून, भिंतीवरच्या चौकटीवाल्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. एक डोळा तळहातानं झाकायचा आणि मधल्या तारखेकडे बघायचं. चौकटीच्या रेषा सरळ आहेत का? एखादी तारीख पुसट किंवा गायब आहे का? मग दुसरा डोळा. अर्ध्या मिनिटाचं काम. आम्ही दवाखान्यात ज्या जाळीच्या कागदावर तपासतो, त्याचाच हा घरचा भाऊ.

आता मधुमेहाकडे येऊ. पडद्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. आधी भिंतीला बारीक फुगे येतात, मग त्यातून पाणी आणि चरबी झिरपते. पाणी मॅक्युलात साचलं की ती सूज. चरबीचे पिवळे चट्टे उरतात. दुसऱ्या बाजूला काही वाहिन्या बुजतात आणि पडद्याच्या त्या भागाला रक्त मिळेनासं होतं. तुम्ही सोलापूरच्या, म्हणून उजनीच्या कालव्याचं उदाहरण देतो. टेलच्या शेताला पाणी पोचलं नाही की तिथला माणूस काय करतो? रात्रीत चोरून पाइप टाकतो. तहानलेला पडदाही तेच करतो. तो व्हीईजीएफ नावाचं एक रसायन सोडतो आणि त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण त्या चोरीच्या पाइपांसारख्याच: वेड्यावाकड्या, गळक्या, कधीही फुटणाऱ्या. सकाळी तोंड धुताना डोळ्यासमोर अचानक कोळिष्टकं किंवा काळा धूर उतरतो तो यांच्यातूनच. पुढं त्यांच्याभोवती चिवट पापुद्रा तयार होतो, आक्रसतो आणि पडद्याला भिंतीपासून ओढून सोडवतो. तिथवर गोष्ट गेली की मोठी शस्त्रक्रिया करूनही हाती किती नजर लागेल, सांगता येत नाही.

‘पण शुगर नॉर्मल आहे हो,’ हे वाक्य मी रोज ऐकतो. उपाशीपोटी केलेली एक तपासणी म्हणजे त्या दिवसाची सकाळ. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी बघा. टाइप १ मधुमेहावरच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल १९९३ मध्ये आले. ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्यानं पडद्याच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. असा आकडा माझ्या कुठल्या इंजेक्शनालाही दाखवता येत नाही. साखरेइतकाच रक्तदाबही महत्त्वाचा. आणि मूत्रपिंडाची तपासणीही करून घ्या, कारण तिथल्या गाळण्याच्या वाहिन्या याच जातीच्या. पाय सुजत असतील, हिमोग्लोबिन कमी असेल, तर पडद्याची सूज नुसत्या इंजेक्शनानं हटत नाही. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिनं अंगात पाणी साठतं.

उलट एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वर्षानुवर्षं वाढलेली साखर इन्शुलिननं एकदम खाली आणली तर पहिले काही महिने पडदा थोडा बिघडू शकतो. याचा अर्थ साखर कमी करू नका असा नाही, त्या काळात पडदा लवकर लवकर तपासा असा आहे. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तरी तेच: पहिल्या तीन महिन्यांतच पडदा बघून घ्यायचा. आणि टाइप २ मध्ये निदान होतं त्याच महिन्यात पहिली तपासणी, कारण कळायच्या आधी आजार कितीतरी वर्षं अंगात मुरलेला असतो.

आता त्या इंजेक्शनाबद्दल, कारण खरी भीती तिथंच आहे. लोकांच्या डोळ्यासमोर दंडात टोचायची सुई येते. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. ऑपरेशन थिएटरमध्ये आडवं झोपवतात. डोळा बधिर करायचे थेंब दोन-तीनदा टाकतात. मग पापण्यांना आणि डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावतो ते तपकिरी औषध, पण पातळ केलेलं. ते थोडं चरचरतं. खरं तर बहुतेकांची तक्रार याचीच असते, सुईची नाही. वर चिकट कापड, पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक चिमटा. मग ‘पायाकडे बघा’ म्हणतो आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मोजून खूण करतो. तिथं पुढं भिंग नाही, मागं पडदा नाही, मोकळी जागा आहे. केसासारखी बारीक सुई, औषध ०.०५ मिली, म्हणजे एक थेंब. आत जायला दोन सेकंद. तयारीला दहा मिनिटं, टोचायला दोन सेकंद, असा हा कार्यक्रम. नंतर एक-दोन दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, कधी पांढऱ्या भागावर लाल डाग येतो, कधी हवेचा बुडबुडा खाली गोल ठिपक्यासारखा दिसून दुसऱ्या दिवशी विरतो. यातलं काही घाबरण्यासारखं नाही.

घाबरायचं एकाच गोष्टीला. दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखाद्याच्या डोळ्यात आत जंतुसंसर्ग होतो. पहिल्या आठवड्यात डोळा ठणकू लागला, लाली वाढत गेली आणि नजर खाली जाऊ लागली, तर रविवार असो की अमावस्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सोमवारची वाट बघायची नाही.

ही इंजेक्शनं त्या व्हीईजीएफला पकडून ठेवतात. वाहिन्यांची गळती थांबते, सूज उतरते. पण औषध चार-सहा आठवड्यांत डोळ्यातून निघून जातं आणि मूळ आजार तिथंच असतो, म्हणून परत द्यावं लागतं. सुरुवातीला दर महिन्याला एक अशी तीन ते पाच, मग ओसीटी बघून अंतर वाढवत न्यायचं. पहिल्या वर्षात सात-आठ लागणं नेहमीचं, पुढं कमी होतात. ‘तीन झाली, संपलं’ असं समजून माणसं गायब होतात आणि आठ महिन्यांनी मुलगा हात धरून आणतो. माझ्या कामात सगळ्यात जास्त नजर इथं वाया जाते.

कुठलं इंजेक्शन? बेव्हासिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध, त्याचे बारीक डोस करून डोळ्यासाठी वापरतात, म्हणून स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये डोळ्यासाठी मान्यता मिळाली, अफ्लिबरसेप्टला २०११ मध्ये, फॅरिसिमॅबला २०२२ मध्ये. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बनावटीचं रूप २०१५ पासून मिळतं आणि त्यानं पुष्कळांची सोय झाली. महाग ते चांगलंच, असं नाही. म्हातारपणच्या मॅक्युलाच्या आजारात बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब साधारण सारखंच काम करतात, हे २०११ मध्येच दिसून आलं. मधुमेहाच्या सुजेत मात्र नजर बरीच खाली गेली असेल तर अफ्लिबरसेप्ट पहिल्या वर्षी सरस ठरतं. थोडीच कमी झाली असेल तर फारसा फरक नाही. माझं मत विचाराल तर सलग घेता येईल असं स्वस्त औषध, एकदा घेऊन सोडून दिलेल्या महागड्या औषधापेक्षा केव्हाही बरं. वडिलांना अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू झाला असेल तर आधी सांगा. काहींना स्टेरॉइडचं रोपण देतात, ते तीन-चार महिने टिकतं, पण डोळ्याचा दाब वाढवतं आणि मोतीबिंदू लवकर पिकवतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करून टाका असं कुणी म्हणालं तर थांबा. सूज असताना ते केलं तर सूज वाढू शकते. किरकोळ मोतीबिंदूला घाई नाही, पडद्याला आहे.

लेझरबद्दल दोन शब्द, कारण ‘लेझर’ म्हटलं की लोकांना चष्मा घालवायचं लेझर आठवतं. तो प्रकार वेगळा, बुबुळावरचा. पडद्याच्या लेझरनं नंबर जात नाही, नजरही सहसा वाढत नाही. आहे ती राखली जाते. नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर कडेच्या तहानलेल्या पडद्यावर हजार-दीड हजार बारीक चटके देतात, दोन-तीन बैठकांत. तो भाग शांत झाला की रसायनाची हाकाटी थांबते. किंमत म्हणून कडेचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होतं. ही कल्पना कुठून आली ते गमतीचं आहे. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेले पेशंट जर्मनीत मायर-श्विकेराथ या डॉक्टरांनी तपासले आणि त्यांच्या मनात आलं, सूर्य चटका देऊन व्रण करतो तर आपण हवा तिथं मुद्दाम का देऊ नये? सुरुवातीला त्यांनी खरोखर सूर्याचाच प्रकाश आरशांनी डोळ्यात सोडून बघितला. (ग्रहण बघायला एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच वापरू नका, हे जाता जाता.)

हे झालं मधुमेहाचं, महिन्यांच्या हिशेबाचं. पडद्याच्या प्रत्येक आजाराचं घड्याळ वेगळं असतं. काही आजार तासांत निकाल लावतात.

पडदा सुटणं हा त्यातला. डोळ्याच्या आत जेली असते, पन्नाशी-साठीत ती पातळ होऊन पडद्यापासून सुटते. त्या वेळी डोळ्यासमोर माशी, केस, जाळं तरंगताना दिसतं, कडेला विजा चमकतात. बहुतेकांना पुढं काही होत नाही. पण अशी लक्षणं अचानक सुरू झालेल्या साधारण सात जणांत एकाच्या पडद्याला ओढीनं चीर गेलेली असते. मोठा मायनस नंबर, घरात कुणाचा पडदा सुटलेला, डोळ्याला चेंडू-फटाक्याचा मार, पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांत धोका जास्त. चीर त्याच दिवशी सापडली तर भोवती लेझरचं कुंपण घालून पाच-दहा मिनिटांत पेशंट घरी. नाही सापडली तर पाणी चिरेतून आत शिरतं, भिंतीचा कागद ओलीनं सुटावा तसा पडदा सुटत जातो आणि पेशंटला एका बाजूनं काळी सावली सरकताना दिसते. सावली मधल्या भागापर्यंत पोचायच्या आत, म्हणजे एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचते. मधला भाग सुटला की पडदा परत चिकटवता येतो, नजर मात्र पहिल्यासारखी क्वचितच येते.

शंभर वर्षांपूर्वी सुटलेला पडदा म्हणजे आंधळेपण, असंच धरून चालत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं की मूळ कारण ती चीर आहे, ती बुजवा, पडदा बसतो. आजही आम्ही तेच करतो, फक्त हत्यारं बारीक झाली. बाहेरून पट्टा बांधतो किंवा आतली जेली काढून गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतो. गॅस भरला असेल तर काही दिवस मान खाली घालून किंवा कुशीवर झोपावं लागतं. त्यात चुकारपणा करू नका, अर्धं ऑपरेशन ते आहे. गॅस आत असेपर्यंत विमान पूर्ण बंद, कारण उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब भयंकर वाढतो. घाट चढतानाही तोच धोका थोड्या प्रमाणात असतो, म्हणून कोकणातून आलेल्या आणि महाबळेश्वरकडच्या पेशंटना मी घरी सोडायच्या आधी रस्ता विचारतो. या दिवसांत दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांना गॅसबद्दल सांगाच. नायट्रस ऑक्साइड चालत नाही. आणि तेल भरलं असेल तर ते बहुधा काही महिन्यांनी काढायचं असतं. चार वर्षांनी तेल घेऊन फिरणारे पेशंट मी पाहिलेत, डोळ्याचा दाब वाढलेला आणि बुबुळ पांढरं पडू लागलेलं.

याहून घाईचं एकच. एका डोळ्याची नजर, काही न दुखता, दिवा फुंकावा तशी गेली, तर पडद्याची मुख्य रोहिणी, म्हणजे रक्त आणणारी वाहिनी, बंद पडलेली असू शकते. हा डोळ्यातला अर्धांगवायूच. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्याच्या दवाखान्यातही उद्या नाही. मेंदूच्या झटक्यावर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयात लगेच. नजर पाच मिनिटं जाऊन परत आली तरी जायचं, कारण पुढचा झटका मेंदूत येऊ शकतो. नीला, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, तुंबली तर गोष्ट जरा सौम्य. सकाळी उठल्यावर एका डोळ्यानं धूसर दिसतं, आत बघितलं तर पडद्यावर कुंकू उधळल्यासारखं रक्त. यातले बहुतेक रक्तदाबवाले, त्यातही गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेले. सुजेवर हीच इंजेक्शनं. मुख्य नीला तुंबली असेल तर नजर गेली म्हणून तपासणी सोडू नका. दोन-तीन महिन्यांनी डोळ्याच्या पुढच्या भागात नव्या वाहिन्या फुटून फार दुखरा काचबिंदू होतो. आमच्यात त्याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात.

म्हातारपणी मॅक्युला झिजते, त्यात कोरडा आणि ओला असे दोन प्रकार. कोरडा सावकाश चालतो. ओल्यात खालून वाहिन्या घुसतात, दाराची चौकट वाकडी दिसू लागते, आठवड्यांत नजर उतरते. त्याला इंजेक्शन लागतं, लवकर. जीवनसत्त्वं, जस्त आणि ल्युटीनच्या गोळ्या सरसकट साठीच्या पुढच्या सगळ्यांना दिल्या जातात, ते मला पटत नाही. मध्यम टप्प्यावरच्या कोरड्या आजारात त्या पुढं सरकण्याचा धोका साधारण चौथ्या हिश्शानं कमी करतात, एवढंच सिद्ध झालंय. मधुमेहाच्या पडद्यासाठी त्या नाहीत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि सोडलेल्यांनीही बीटा कॅरोटिन असलेली गोळी टाळावी, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि विडी सोडणं हे त्या गोळीहून मोठं औषध आहे.

तिशी-चाळिशीतले पुरुष वेगळीच तक्रार घेऊन येतात: नजरेच्या मधोमध करडं नाणं ठेवल्यासारखं, त्या डोळ्यानं वस्तू लहान दिसतात. मॅक्युलाखाली पाणी साचलेलं असतं. ताण, जागरण, आणि स्टेरॉइड. ‘मी स्टेरॉइड घेत नाही’ म्हणतात, मग हळूहळू निघतं: जिममधली पावडर, दम्याचा पंप, गोरं व्हायचं मलम, सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून इथं मी थांबतो आणि ओसीटी बघत राहतो. दम्याचा पंप मात्र आपल्या मनानं बंद करायचा नाही, छातीच्या डॉक्टरांना विचारून.

रातांधळेपणा लहानपणापासून असेल, दिवेलागणीनंतर पोर अडखळत असेल आणि वय वाढेल तशी नजर नळीतून बघितल्यासारखी आकसत असेल, तर तो बहुधा आनुवंशिक आजार, रेटिनायटिस पिगमेंटोसा. नात्यातली लग्नं झालेल्या घरांत जास्त दिसतो. एका विशिष्ट जनुकातल्या दोषावर अमेरिकेत २०१७ मध्ये जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, बाकी बहुतेक प्रकारांना अजून इलाज नाही. म्हणून ‘स्टेम सेलनं पडदा नवा’ अशी पॅकेजं विकणाऱ्यांच्या नादी लागून जमीन विकू नका. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असलेल्यांनी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा. डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत हवा.

बाळांचं घड्याळही कडक. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे; २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं, पाचवी-बारशाची गडबड झाली, आणि हे राहून गेलं, असं होतं. आणि मोबाइलच्या फोटोत लहान मुलाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात दाखवा. तो पडद्याचा कर्करोग असू शकतो, आणि लवकर कळला तर बरा होतो.

आता परत तुमच्या वडिलांकडे. जाताना सोबत कुणीतरी जा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की चार-सहा तास जवळचं दिसत नाही, ऊन सहन होत नाही, मोटारसायकल चालवायची नाही. ओसीटीला काही टोचत नाहीत, हनुवटी टेकवून बघायचं, दोन मिनिटांत होतं. हातातून रंग सोडून फोटो काढले तर कातडी आणि लघवी दिवसभर पिवळी राहील, कावीळ नाही ती. डॉक्टरांना विचारा: सूज किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, मॅक्युलाचा रक्तपुरवठा शाबूत आहे का, दुसऱ्या डोळ्याची काय अवस्था, कुठलं औषध देणार, किती दिवसांनी परत यायचं. रक्तपुरवठाच गेला असेल तर सूज उतरूनही नजर फार वाढत नाही, हे आधी कळलेलं बरं. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठून यातलं काय यादीत बसतं ते विचारा, जाताना रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आणि ओसीटीचे कागद फेकू नका. एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेनं लावून ठेवा, कारण सहा महिन्यांनी वडील म्हणतील ‘काही फरक नाही’, तेव्हा पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवून डॉक्टर त्यांना सुजेच्या डोंगराचं पठार झालेलं दाखवू शकतील.